रसायनशास्त्राचें पहिलें वर्ष आणि गुणांचा हिशेब

गेल्या श्रावणांतील एका सोमवारची गोष्ट. आमच्या अंबरनाथच्या शिवमंदिरांत त्या दिवशीं पहांटेपासून भाविकांची रांग लागलेली असते. दर्शन आटोपून, हातांत प्रसादाचें बेलपान घेऊन मी घरीं परतलों, तों माझी नात बाहेरच्या खोलींत एक कागद समोर ठेवून गप्प बसलेली दिसली. बारावीच्या परीक्षेंत तिला शेंकडा ८८ गुण मिळाले होते. मोठ्या हौसेनें तिनें विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षाला नांव घातलें आणि रसायनशास्त्र हा मुख्य विषय निवडला. तो कागद म्हणजे महाविद्यालयांतील पहिल्या चाचणीची उत्तरपत्रिका. वरच्या कोपऱ्यांत तांबड्या शाईनें लिहिलें होतें : २० पैकीं ७.

“आजोबा, मला हें जमणार नाहीं. मी शाखा बदलून घेतें,” ती म्हणाली.

घरांत अशा वेळीं जें होतें तेंच झालें. तिच्या वडिलांनीं खाजगी शिकवणीची चौकशी आरंभिली. “बारावीपर्यंत हुषार होती हो, कॉलेजची हवा लागली,” असा निष्कर्ष सूनबाईंनीं काढला. मी पडलों मॅट्रिकपर्यंत शिकलेला. पुढील आयुष्य संस्कृत व्याकरणांत आणि शाळेच्या फळ्यासमोर गेलें. रसायनाचें मला ज्ञान नाहीं. परंतु सारी उमर मुलांच्या उत्तरपत्रिका तपासण्यांत घालविल्यामुळें एवढें मला निश्चित ठाऊक आहे कीं, गुण कमी पडले म्हणजे प्रथम मुलाची बुद्धि तपासावयाची नसते. त्याच्याकडून काय अपेक्षित होतें आणि तें त्याला समजलें होतें कीं नाहीं, हें आधीं तपासावयाचें असतें. म्हणून मीं तिला एकच प्रश्न केला : “तुमच्या या विषयांत गुण कशाकशाला देतात, तें मला समजावून सांग बघूं.”

तिला सांगतां येईना. दोन महिने ती नेमानें वर्गांत बसत होती, पण अभ्यासक्रमाची छापील पत्रिका तिनें उघडून पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशीं तिनें ती आणली, आणि पुढचे आठ दिवस रोज सायंकाळीं आम्हां दोघांनीं ती एखाद्या पोथीसारखी लावली. त्या वाचनांतून, आणि पुढें घडलेल्या एका प्रसंगांतून, मला जें कळलें तें ज्या वाचकांच्या घरचीं मुलें महाविद्यालयाची पायरी चढत आहेत त्यांच्या उपयोगीं पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

श्रेयांक म्हणजे काय?

आमच्या वेळीं परीक्षा म्हणजे वर्षाच्या शेवटीं एकदां येणारें संकट. मुंबई विद्यापीठानें २०११-१२ पासून श्रेयांक आणि श्रेणी यांची पद्धति स्वीकारली. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणास अनुसरून २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतील पदवीच्या पहिल्या वर्षाची मांडणी नव्यानें झाली. आतां वर्षाचीं दोन सत्रें, प्रत्येक सत्राची परीक्षा निराळी, आणि त्यांतहि कांहीं गुण महाविद्यालयाच्या अंतर्गत मूल्यमापनाचे. चाचणी, लेखी स्वाध्याय, प्रयोगशाळेंतील काम, तोंडी प्रश्न, या सर्वांचा जमाखर्च चालूच असतो. म्हणजे पूर्वीं जें वर्षाच्या शेवटीं एका तडाख्यांत होई, तें आतां थेंबाथेंबानें होतें. शेवटच्या महिन्यांत रात्रींचा दिवस करून वर्ष तारून नेण्याची जुनी युक्ति येथें पुरी पडत नाहीं, हा पहिला धडा.

श्रेयांक, ज्याला मुलें क्रेडिट म्हणतात, तें विद्वत्तेचें माप नसून श्रमाचें माप आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्याप्रमाणें एक श्रेयांक म्हणजे एका सत्रांत व्याख्यानाचे १५ तास, किंवा प्रयोगशाळेंतील कामाचे ३० तास. तीन वर्षांच्या पदवीला असे किमान १२० श्रेयांक लागतात, चार वर्षांच्या पदवीला १६०. येथें आपणां गृहस्थांची एक गफलत होते. प्रयोगाचे दोन तास व्याख्यानाच्या एका तासाबरोबर धरले आहेत, तेव्हां प्रयोग हें दुय्यम काम असावें, असें आपण समजतों. परंतु व्याख्यानाच्या तासामागें विद्यार्थ्यानें घरीं बसून वाचावें, लिहावें, उदाहरणें सोडवावीं, हें गृहीतच आहे. जो वर्गांतून उठून वही मिटतो त्यानें अर्धेंच काम केलें. माझी नात रोज दोन तास रेल्वे, रिक्षा आणि वर्ग यांच्या धांवपळींत घालवी, आणि घरीं आल्यावर तिचें पुस्तक चाचणीच्या आदल्या रात्रींच उघडे. बारावीपर्यंत शिकवणीचे वर्ग तिच्याकडून रोजचा सराव करून घेत होते. तो आधार सुटला, आणि त्याच्या जागीं स्वतःचा नेम बसला नाहीं.

आतां श्रेणीचा हिशेब. आयोगाच्या दहा अंकांच्या पद्धतींत ‘ओ’ ही सर्वोच्च श्रेणी, तिचे १० अंक. ‘ए प्लस’ चे ९, ‘ए’ चे ८, ‘बी प्लस’ चे ७, ‘बी’ चे ६, ‘सी’ चे ५, केवळ उत्तीर्ण म्हणजे ‘पी’ चे ४, आणि अनुत्तीर्ण ‘एफ’ चे शून्य. प्रत्येक विषयांतील अंकांना त्या विषयाच्या श्रेयांकांनीं गुणावयाचें, सर्व गुणाकारांची बेरीज करावयाची, आणि एकूण श्रेयांकांनीं तिला भागावयाचें. येणारा भागाकार ही त्या सत्राची सरासरी.

उदाहरण घेऊं. समजा, रसायनाचें व्याख्यान ४ श्रेयांकांचें असून त्यांत ‘बी’ मिळाली : ६ गुणिले ४, म्हणजे २४. प्रात्यक्षिक २ श्रेयांकांचें, त्यांत ‘ए प्लस’ : १८. एक भाषा २ श्रेयांकांची, त्यांत ‘ए’ : १६. आणखी एक २ श्रेयांकांचा विषय, त्यांत ‘सी’ : १०. बेरीज ६८, श्रेयांक १०, सरासरी ६.८. आतां याच मुलीनें व्याख्यानाच्या विषयांत एक श्रेणी वर चढविली तर सरासरी ७.२ होते, भाषेंत एक श्रेणी चढविली तर ७ च होते. कोठें किती वेळ द्यावा हें या साध्या गणितावरून दिसतें. तें घरांतील कोणीहि पाटीपेन्सिल घेऊन करून पाहूं शकेल. आम्ही तें केलें, तेव्हां नातीच्या चेहऱ्यावरचें अर्धें मळभ गेलें. २० पैकीं ७ हा आंकडा सबंध वर्षाचा निकाल नसून मोठ्या हिशेबांतील एक लहानशी रक्कम आहे, हें तिला दिसलें.

एक गोष्ट मात्र लक्षांत ठेवावी. अक्षर स्वतः कांहींच सांगत नाहीं. त्यामागचा नियम काय तें पाहावें लागतें. अमेरिकेंतील माउंट होल्योक या स्त्रियांच्या महाविद्यालयांत १८९७ मध्यें अक्षरांची श्रेणी होती. तेथें शेंकडा ७५ च्या खालीं गेलेली विद्यार्थिनी अनुत्तीर्ण समजत. आपल्या विद्यापीठांत शेंकडा ४० ला उत्तीर्ण होतां येतें. तेव्हां शेजारच्या घरच्या मुलाची परगांवच्या संस्थेंतील ‘ए’ आणि आपल्या मुलीची ‘बी’ यांची तुलना करून घरांत वाद माजविणें व्यर्थ होय.

चाचणींत काय चुकलें?

मग आम्ही त्या उत्तरपत्रिकेकडे वळलों. मला रसायन येत नाहीं, म्हणून मीं तिलाच प्रत्येक प्रश्न मोठ्यानें वाचून समजावून सांगावयास लाविलें. एका प्रश्नांत विचारलें होतें कीं, ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक दिले आहेत, त्यांचें ०.०५ मोलर प्रमाण द्रावण २५० मिलिलिटर करावयाचें आहे. किती वजन घ्याल आणि तें कसें कराल?

नातीनें मोलर द्रावणाची व्याख्या शब्दशः लिहिली होती. सूत्रहि बरोबर होतें. परंतु आम्लाचा रेणुभार तिनें ९० धरला होता. पुस्तकांतील आम्लाचा तो रेणुभार खरा. पण कपाटांतील बाटलींत जे स्फटिक असतात त्यांच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दोन रेणू बांधलेले असतात, आणि त्यांचा भार १२६ येतो. त्यामुळें जेथें १.५७६ ग्रॅम घ्यावयाचे तेथें तिनें १.१२५ ग्रॅम घेतले. द्रावण जवळजवळ २९ टक्क्यांनीं पातळ झालें, आणि त्या द्रावणावर विसंबून पुढें जें जें मोजावें तें सर्व चुकणार. शिवाय कृति लिहितांना तिनें “त्यांत २५० मिलिलिटर पाणी घालावें” असें लिहिलें होतें. स्फटिक आधीं थोड्या पाण्यांत विरघळवून मग कुपीच्या खुणेपर्यंत पाणी भरावयाचें असतें. कारण मोजावयाचें आहे तें द्रावणाचें आकारमान, ओतलेल्या पाण्याचें नव्हे.

हें ऐकतांच मला माझे जुने विद्यार्थी आठवले. ‘देव’ शब्द घडाघडा चालविणारे कितीतरी असत. पण वाक्यांत ‘देवेभ्यः’ आलें कीं ती चतुर्थी कीं पंचमी, हें प्रसंगावरून ओळखावयाचें म्हटलें म्हणजे त्यांची वाचा बसे. पाठांतर होतें, प्रयोग नव्हता. शाळेची परीक्षा बहुधा विचारते, “तुला काय ठाऊक आहे?” महाविद्यालयाची परीक्षा विचारते, “जें ठाऊक आहे त्याचें तूं काय करशील?” रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाची सारी अपेक्षा या एका प्रश्नांत सामावलेली आहे. व्याख्येला एखादा गुण मिळतो. उरलेले गुण रीतीला, एककांना, समीकरण तोललेलें असण्याला आणि उत्तर किती अंकांपर्यंत विश्वसनीय आहे हें समजण्याला. नातीचे १३ गुण कोणी हिरावून घेतले नव्हते. ते जेथें ठेवलेले होते तेथें ती गेलीच नव्हती.

त्या दिवसापासून आम्हीं एक नेम केला. रोज रात्रीं जेवणें आटोपल्यावर तिनें एक उदाहरण सोडवावयाचें आणि तें मला, रसायन न येणाऱ्या माणसाला, समजावून द्यावयाचें. मला समजलें नाहीं तर चूक तिची. हा नेम तिला जाचक वाटला, पण महिन्याभरांत उपयोगी पडला. शिकवणीचा वर्ग लावण्याची गोष्ट मागें पडली.

तीन सारखीं वाचनें

एवढ्यावर लेख संपला असता तर तो गुण मिळविण्याच्या युक्त्यांचा लेख झाला असता. खरी गोष्ट पुढेंच आहे.

प्रात्यक्षिकाच्या प्रत्येक प्रयोगाची नोंद एका वहींत करावयाची असते. तिला जर्नल म्हणतात. त्यावर प्राध्यापकांची सही व्हावी लागते, आणि सत्राच्या शेवटीं ती प्रमाणित झाल्याविना प्रात्यक्षिक परीक्षेस बसतां येत नाहीं. एका रविवारीं नात ती वही पूर्ण करीत बसली होती. प्रयोग अनुमापनाचा होता. पिपेटनें मोजून १० मिलिलिटर ऑक्झॅलिक आम्ल चंबूंत घ्यावयाचें, त्यांत विरल गंधकाम्ल घालावयाचें, तें साधारण ६० ते ७० अंशांपर्यंत तापवावयाचें, आणि वरून ब्युरेट नांवाच्या, अंशांच्या खुणा असलेल्या उभ्या कांचनळींतून जांभळें पोटॅशियम परमँगनेट थेंबाथेंबानें सोडावयाचें. प्रथम रंग सावकाश जातो, मग झपाट्यानें जाऊं लागतो, आणि शेवटीं एका थेंबानें चंबूंतील पाण्याला जो फिकट गुलाबी रंग येतो तो टिकून राहतो. तेथें थांबावयाचें व किती द्रव खर्च झाला तें वाचावयाचें. असें तीनदां. येथें निराळा दर्शक लागत नाहीं. परमँगनेट स्वतःच आपली साक्ष देतें.

मीं सहज वहींत डोकावलों. तीन रकाने, तीन वाचनें : ९.९, ९.९, ९.९.

“तीनहि वेळां अगदीं एकच आलें?” मीं विचारलें.

ती थोडी घुटमळली. मग तिनें एक चिठोरें काढलें. त्यावर पेन्सिलीनें लिहिलें होतें : १०.३, ९.८, १०.०. “सगळ्यांचें ९.९ आलें होतें, आजोबा. माझेंच वेडेंवांकडें आलें. तसें लिहिलें तर गुण जातात, असें सगळीं म्हणतात. म्हणून...”

मी रागावलों नाहीं. चाळीस मुलांच्या वर्गांत चाळीस जणांचें वाचन एकच यावें, यांत त्या एकट्या मुलीचा दोष तो किती? परंतु गप्पहि बसवेना. तिला घेऊन मी संध्याकाळीं देवळाकडे गेलों.

आमचें हें देऊळ शिलाहार राजांच्या काळचें. काळ्या पाषाणाचें, नखशिखांत कोरलेलें, आणि ज्याच्या गाभाऱ्यांत जावयास पायऱ्या उतराव्या लागतात असें. त्यांत एक संस्कृत शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकांत डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं तो वाचला, तेव्हां त्यांनीं त्यांतील शक ७८२ असा लाविला. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो पुन्हां वाचला आणि तो शक ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असल्याचें दाखविलें. एका आंकड्याच्या वाचनानें देवळाचें वय दोनशें वर्षांनीं बदललें. भाऊ दाजी हे थोर विद्वान. त्यांची चूक झाली हें सांगतांना त्यांच्या थोरवीला बाध येत नाहीं, कारण त्यांनीं जें पाहिलें तेंच लिहिलें होतें, आणि दगड जागच्या जागीं होता. म्हणूनच दुसऱ्याला पडताळा घेतां आला.

“आणि समजा,” मीं नातीला म्हटलें, “भगवानलालांनीं, ‘एवढ्या मोठ्या माणसानें ७८२ लिहिलें आहे, तर आपणहि तेंच लिहावें,’ असें म्हटलें असतें तर? तुझें १०.३ हेंहि वाचनच आहे. तें कां आलें, हा विचारण्याजोगा प्रश्न होता. तूं तर प्रश्नच पुसून टाकलास.”

दुसऱ्या दिवशीं तिनें आपण होऊन प्राध्यापकांपुढें चिठोरें ठेवलें. मला भीति होती कीं तिचे गुण जातील. त्या गृहस्थांनीं, मीं ऐकलें त्याप्रमाणें, वही बाजूला सारली आणि तिलाच विचारलें, “१०.३ कां आलें असेल?” तिला चार कारणें शोधावीं लागलीं. ब्युरेटच्या तोटींत हवेचा बुडबुडा राहिला असेल, तर तो निघून जातांना द्रव उगीच खर्च झालेला दिसतो. पहिल्या खेपेस हात बसलेला नसल्यानें गुलाबी रंगाच्या पलीकडे चार थेंब जास्त पडले असतील. परमँगनेट गडद असल्यानें त्याच्या पृष्ठभागाची खालची कमान दिसत नाहीं, वरची कड वाचावी लागते. तींत घोटाळा झाला असेल. डोळा खुणेच्या समपातळींत नसेल. तिनें प्रयोग पुन्हां केला. या खेपेस वाचनें आलीं १०.२, ९.९, ९.९. पहिलें थेंब जास्त पडल्यामुळें आलें, असें तिनें शेजारीं लिहिलें. शेवटचीं दोन जुळलीं, म्हणून तींच हिशेबास घेतलीं. प्राध्यापकांनीं त्यावर सही केली.

९.८ आणि १०.० यांची सरासरीहि ९.९ च येते, हें मीं तिला नंतर दाखविलें. म्हणजे तिनें चोरून लिहिलेलें उत्तर आणि प्रामाणिकपणें काढलेलें उत्तर यांत अंतर नव्हतें. पण पहिल्या वेळीं तें उत्तर शेजारच्या टेबलाचें होतें, दुसऱ्या वेळीं तिचें स्वतःचें.

हा प्रश्न केवळ वर्गाचा नव्हे

आपल्या पूर्वजांना हा विवेक ठाऊक होता. आमच्या संस्कृत रसशास्त्राच्या ग्रंथांत पारा, गंधक, अभ्रक यांच्या प्रक्रिया आहेत. त्यांत अतिशयोक्तीहि पुष्कळ आहे. परंतु ‘रसेंद्रचिंतामणि’ या ग्रंथाचा कर्ता, केवळ ऐकीव न लिहितां स्वतः करून पाहिलें तेंच लिहितों, अशी स्पष्ट भूमिका घेतो. आणि करून दाखवूं शकेल तोच गुरु, असें मानतो. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनीं हिंदु रसायनाचा जो इतिहास इंग्रजींत लिहिला, त्याचा पहिला भाग १९०२ मध्यें निघाला. या ग्रंथकारांच्या प्रयोगनिष्ठेकडे त्यांनीं मुद्दाम लक्ष वेधलें आहे. आपल्या घरांत संस्कृताचा अभिमान आहे. त्या अभिमानाचें सार्थक वचनें पाठ म्हणण्यांत आहे, तसेंच या निष्ठेंतहि आहे.

आणि आमच्या गांवापुरतें बोलावयाचें तर ही निष्ठा हा जीवनमरणाचा प्रश्न आहे. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर हा सारा पट्टा रसायनावर वाढला. अंबरनाथला विमको कंपनीचा काडेपेट्यांचा कारखाना होता. काडीच्या टोंकाला पोटॅशियम क्लोरेट आणि पेटीच्या कडेला तांबडा फॉस्फरस, या जोडीवर कित्येक घरांच्या चुली पेटत. शहाडला कृत्रिम रेशमाचा कारखाना १९५६ च्या सुमारास आला. मागाहून औद्योगिक वसाहती आणि त्यांतील रासायनिक कारखाने आले. विज्ञान शिकावयास पूर्वीं मुंबईकडे धांवावें लागे. १९६५ मध्यें उल्हासनगरांत चांदीबाई हिंमतमल मनसुखानी महाविद्यालय आणि १९७२ मध्यें कल्याणांत बिर्ला महाविद्यालय निघालें, तेव्हां ती सोय जवळ आली. रसायन शिकलेल्या या भागांतील मुलांना याच कारखान्यांच्या प्रयोगशाळांतून नोकऱ्या मिळत आल्या आहेत.

पण त्याच रसायनानें देवळाला लागून वाहणाऱ्या वालधुनीचें काय केलें, तें येथें येणारा प्रत्येक जण नाकाला पदर लावून अनुभवतो. २०१४ च्या नोव्हेंबरांत उल्हासनगरांत टँकरमधून रासायनिक सांडपाणी या नदींत सोडलें गेलें, आणि त्यांतून उठलेल्या वायूनें शेंकडो रहिवाशांना रुग्णालयांत न्यावें लागलें. कारखान्यांतून बाहेर पडणारें पाणी किती आम्ल आहे, त्यांत काय विरघळलें आहे, याचीं वाचनें कोणीतरी तरुण रसायनज्ञ रोज एका वहींत लिहीत असतो. तो वाचन पाहून लिहितो, कीं “असेंच यावयास हवें” म्हणून लिहितो, यावर खालच्या वस्तीचें आरोग्य अवलंबून असतें. ती संवय नोकरी लागल्यावर जडत नाहीं. ती पहिल्या वर्षाच्या जर्नलांत जडते. तीन रकान्यांत तीनदां ९.९ लिहितांना जडते.

म्हणून मला वाटतें कीं, प्रात्यक्षिकाचे गुण देतांना उत्तर किती जवळ आलें यापेक्षां नोंद किती खरी आहे आणि चुकीचें कारण विद्यार्थ्याला कितपत सांगतां येतें, यांस अधिक महत्त्व असावें. नातीच्या सुदैवानें तिला असे गुरु भेटले. सर्वांना भेटतीलच असें नाहीं. परंतु घर तर आपल्या हातांत आहे.

गृहस्थांनीं काय करावें?

पहिल्या आठवड्यांतच मुलाकडून अभ्यासक्रमाची पत्रिका आणवून ती त्याच्यासह वाचावी. कोणत्या विषयाला किती श्रेयांक, अंतर्गत गुण किती व लेखी परीक्षेचे किती, दोहोंत निरनिराळें उत्तीर्ण व्हावें लागतें काय, चाचणी हुकली तर पुन्हां मिळते काय, हे प्रश्न मुलानें प्राध्यापकांना स्वतः विचारावे. वडिलांनीं जाऊन विचारूं नयेत. उपस्थितीचा शेंकडा ७५ चा नियम आहे, हें लग्नकार्यें ठरवितांना आपणहि स्मरावें. विशेषतः मुलींच्या बाबतींत, कारण घरीं पाहुणे आले कीं तिचाच वर्ग प्रथम बुडतो.

प्रयोगशाळेचा पांढरा अंगरखा, डोळ्यांना चष्मा आणि केंस बांधलेले, याविषयीं हयगय नको. आम्ल आणि पाणी मिसळतांना आम्ल पाण्यांत सोडावयाचें, पाणी आम्लांत कधीं ओतावयाचें नाहीं, हें एकदां घरींहि म्हणवून घ्यावें. जर्नल त्याच दिवशीं शाईनें लिहावें. चुकलेला आंकडा खोडरबरानें पुसूं नये, त्यावर एकच रेघ ओढून शेजारीं दुरुस्ती लिहावी, म्हणजे मूळ आंकडा वाचतां येतो. दुसऱ्याची वही उतरवून काढण्यास घरीं कधींहि मुभा देऊं नये. “सगळेच करतात” हें उत्तर आपण स्वीकारलें कीं पुढें आपल्याला बोलण्याचा अधिकार उरत नाहीं.

आणि सर्वांत महत्त्वाचें : मूल घरीं आलें म्हणजे “किती गुण पडले?” हा प्रश्न दारांतच विचारूं नये. “आज काय पाहिलेंस?” असें विचारावें. माझ्या नातीला खोटें लिहावयास ज्या अनेक गोष्टींनीं लाविलें, त्यांत आमच्या घरांतील शेंकडा ८८ चा गवगवा हीहि एक होती. पेढे आम्हींच वांटले होते.

पहिल्या सत्राचा निकाल लागला. नातीला रसायनाच्या लेखी विषयांत ‘बी प्लस’ आणि प्रात्यक्षिकांत ‘ए’ मिळाली. पहिल्या दहांत ती नाहीं, आणि शाखा बदलण्याची गोष्ट तिनें पुन्हां काढली नाहीं. प्रमाणित झालेलें जर्नल तिनें मला दाखविलें. त्या प्रयोगाच्या पानावर तिनें चिठोऱ्यावरचीं तीनहि जुनीं वाचनें मागाहून उतरविलीं आहेत. १०.३ वर एक बारीक सरळ रेघ आहे, शेजारीं कारण आहे, आणि रेघेखालचा आंकडा स्वच्छ वाचतां येतो.